दहा ते दोनची रांग

मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी झेल्माने कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यात उन्हाळी कपडे भरले आणि ती दाराजवळच्या पॅसेजमध्ये, येता-जाता बरोबर पायात येईल अशी ठेवली. मग स्वयंपाकघरात येऊन हात पुसत ती नवऱ्याला म्हणाली,

"इंद्रिकिस, दहा ते दोन. रोज. या वेळात मला तू घरात नको आहेस. कुठे जायचं ते तुझं तू बघ. जमत नसेल तर मी लिएपायाला बहिणीकडे जाते. मग चोवीस तास घर तुझंच."

इंद्रिकिसने घड्याळाकडे पाहिलं. दुसरं काहीही चाललं असतं. आकाशाकडे बघायचं, जमिनीकडे बघायचं, फार तर रडायचं. पण हा गडी घड्याळाकडे बघून म्हणाला, "आजपासून? आत्ता नऊ चौपन्न झालेत."

झेल्माने पॅसेजमध्ये जाऊन बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली. तो आवाज घरभर ऐकू गेला.

तसा बिचारा वाईट माणूस नव्हता. अडतीस वर्षं त्याने रीगा शहरात ट्राम चालवली आणि एकदाही ती वेळेच्या आधी थांब्यावरून हलवली नाही. उशीर होऊ शकतो, त्याला बर्फ असतं, म्हाताऱ्या बायका असतात, रुळात अडकलेली मोटार असते. पण वेळेआधी निघणं म्हणजे धावत येणाऱ्या माणसाचा विश्वासघात, असं त्याचं तत्त्व. जानेवारीत तो निवृत्त झाला. ट्राम सुटली, वेळापत्रक सुटलं नाही. झेल्माने अंडी उकडायला ठेवली की मागून आवाज यायचा, "सहा मिनिटं दहा सेकंद झाले." ती बाजारातून आली की, "काल अठ्ठेचाळीस मिनिटांत आलीस, आज त्रेसष्ट. अडलीस कुठे?" न्हाणीघराच्या दारावर त्याने तक्ता लावला होता, शनिवार-रविवारचा वेगळा. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तर तो असा उभा राहायचा, की शेवटी झेल्मा म्हणायला लागली, "मागे सरक, दार बंद होतंय."

बाईचंही चूक नव्हतं. इतकी वर्षं नवरा पहाटे चारला निघायचा किंवा रात्री एकला यायचा. संसार दोघांनी केला होता खरा, पण पाळीपाळीने.

त्या दिवसांत त्यांच्या मागच्या छोट्या खोलीत ग्रासिएला नावाची एक बाई सहा आठवड्यांसाठी राहायला आली होती. ती मॉन्तेविदेओची, वय अठ्ठावन्न, तिकडच्या दवाखान्यात जन्मभर बाळंतपणं केलेली. निवृत्त झाल्यावर जगभर फिरायला निघाली, त्याला आता दहा महिने झाले होते. तिच्या हातात सदासर्वदा एक वाळक्या भोपळ्याचं भांडं आणि त्यात लोखंडी नळी असायची. नळीने ती कसला तरी हिरवा कडू काढा ओढत बसायची. खालच्या मजल्यावरच्या स्कायद्रीतेबाईंच्या मते ते औषध होतं, वरच्या तेओदोर्सच्या मते व्यसन.

त्या सोमवारी ही ग्रासिएला पाय टबात बुडवून झेल्माला सांगत होती, "एकेचाळीस चर्च बघितली मी. सतरा किल्ले. आता मला काहीही बघायचं नाही. नुसतं फिरायचंय. हळू. इतकं हळू, की आपण चालतोय हे पायांना कळू नये."

झेल्माने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो उंबऱ्यात होताच.

"हा नेईल तुला," ती म्हणाली. "उद्यापासून. दहाला निघायचं, दोनला यायचं."

इंद्रिकिसला इंग्रजी येत होतं ते डब्लिनला राहणाऱ्या नातवंडांमुळे. म्हणजे त्यात डायनोसॉरची नावं मुबलक आणि बाकी शब्द बेताचे. पण अडचण भाषेची नव्हती. अडचण अशी, की हळू कसं चालायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो टेबलाशी बसला, पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि हळू चालण्याचं वेळापत्रक तयार केलं. घर, १०.००. लिंडेनचं झाड, १०.१२. बाजाराचा कोपरा, १०.३१. असं करत दाउगावा नदीच्या काठापर्यंत, १.२०. परत ट्रामने.

मंगळवारी दोघं निघाले. आता अडतीस वर्षांची वेळ गाठायची सवय. इंद्रिकिसचे पाय काही वेळापत्रक वाचत नव्हते. लिंडेनचं झाड चार मिनिटांत आलं. बाजाराचा कोपरा नऊ मिनिटांत. कापसाच्या गोदामामागच्या गल्लीत हिरव्या लाकडी घरापाशी पोहोचले तेव्हा साडेदहाही वाजले नव्हते, आणि वेळापत्रकात तिथून सुटायची वेळ होती बारा दहा.

इंद्रिकिस थांबला.

"इथे काय आहे?" ग्रासिएलाने विचारलं.

"काही नाही. आपण वेळेआधी आलोय."

"मग?"

"मग थांबायचं."

आणि ते थांबले. दीड तासापेक्षा जास्त, एका बंद दारासमोर. दार गडद हिरवं, रंगाचे पोपडे निघालेलं. वर कोरलेलं सूर्याचं अर्धं तोंड, उरलेलं अर्धं कुणाच्या तरी शेगडीत गेलं असावं. शेजारच्या खिडकीत एक मांजर आलं, गेलं, पुन्हा आलं. वरून कुणीतरी सतरंजी झटकली. लायलाकच्या फांदीवरची सावली भिंतीवरून हातभर सरकली. ग्रासिएलाने काढा संपवला, थर्मासातलं गरम पाणी ओतून पुन्हा भरला. इंद्रिकिस मनातून मेला होता. पाहुण्या बाईला आपण काहीच दाखवलं नाही, आता ही झेल्माला सांगणार, आणि पॅसेजमधली बॅग उद्या लिएपायाच्या गाडीत.

ग्रासिएला घरी येऊन झेल्माला म्हणाली, "दहा महिन्यांत मला कुणी एक दार नीट बघू दिलं नव्हतं. तुझा नवरा मोठा माणूस आहे."

झेल्माने इंद्रिकिसकडे असं पाहिलं, जसं आपण हरवलेल्या छत्रीसारखी दिसणारी दुसऱ्याची छत्री बघतो.

ग्रासिएलाने ही बातमी आपल्या फिरस्त्या मित्रमंडळींना कळवली. असे लोक शहरात बरेच असतात; वर्ष-वर्ष घर सोडलेले, पाठीवर बिऱ्हाड, पायाला फोड आणि डोळ्यांत एकेचाळीस चर्चांचा थकवा. बुधवारी चार जण आले. गुरुवारी नऊ.

आणि मग सल्ले सुरू झाले. आमच्या भागात शेजारी एरवी फार सभ्य. जिन्यात कुणी आहे का हे दाराच्या भोकातून बघायचं, असेल तर तो जाईपर्यंत आत थांबायचं, म्हणजे उगाच नमस्कार-चमत्काराची पाळी येत नाही. पण दुसऱ्याने काही काम काढलं, की हा संकोच कुठल्या कुठे जातो.

तेओदोर्स जन्मभर मासेमारी बोटीवर होता. तो सकाळी साडेसातला दार ठोठावून आत आला. "अरे ड्रायव्हर, असं नुसतं उभं करून चालत नाही. गोष्ट पाहिजे. खून पाहिजे. त्या हिरव्या घरात एका बॅरनने बायकोला मारलं असं सांग."

"तिथे कुणी कुणाला मारलेलं नाही. तिथे दंतवैद्य राहायचा."

"मग दंतवैद्याने मारलं असं सांग! आणि तू असा उघड्या डोक्याने फिरतोस, कोण ऐकणार तुझं? ही घे." त्याने स्वतःची नाविकाची टोपी इंद्रिकिसच्या डोक्यावर दाबली. ती कानांपर्यंत उतरली.

स्कायद्रीतेबाई टोपीच्या विरोधात नव्हत्या, पण त्यांचा मुद्दा गंभीर होता. या बाईंनी तीस वर्षं सरकारी दुकानात मोज्यांच्या काउंटरवर काढली होती, आणि मोजे मिळत नसतानाच्या काळात काढली होती. म्हणजे त्यांच्या हातात काय सत्ता असेल ते समजा. "इंद्रिकिसराव, दहापेक्षा जास्त माणसं एका माणसामागे रस्त्याने चालली, की तिला मिरवणूक म्हणतात. परवानगी आहे का?"

नव्हती. गुरुवारी दुपारी इंद्रिकिस दोन वाजता घरी न येता पालिकेच्या एका कार्यालयात गेला. (घरी झेल्मा दोन वाजून दहा मिनिटांनी खिडकीपाशी येऊन गेली. हे कुणी तिला विचारलं असतं तर तिने नाकारलं असतं.)

खिडकीमागची मुलगी फार गोड होती. तिने अर्ज पुढे सरकवला. "मिरवणुकीचा हेतू?"

"हेतू नाही."

"हेतू लागतो. तुम्ही कशाच्या बाजूने आहात, की विरोधात?"

इंद्रिकिसने प्रामाणिकपणे विचार केला. "तसा मी ट्रामच्या थांब्यांची नावं बदलतात त्याच्या विरोधात आहे. पण त्यासाठी चालत नाही."

"घोषणा कोणत्या देणार?"

"आम्ही बोलतच नाही."

"मूक मोर्चा," मुलीने लिहायला घेतलं.

"नाही नाही. आम्ही नुसते हळू चालतो. थांबतो. बघतो."

"काय बघता?"

"दार."

मुलीने पेन खाली ठेवलं. मग ती आतल्या खोलीत गेली, दोन मोठ्या बायकांशी बोलली, एक जाड फाइल घेऊन परत आली. "हे बघा काका, हेतूशिवाय हळू चालणारा जमाव आमच्या यादीत एकच आहे. अंत्ययात्रा. त्याला परवानगी लागत नाही. तुमच्याकडे कुणी..." ती अपेक्षेने थांबली.

"अजून नाही," इंद्रिकिस म्हणाला.

"मग क्रीडा स्पर्धेचा अर्ज भरा. रुग्णवाहिका लागेल आणि विजेता ठरवावा लागेल. उत्तर तीस कामकाजाच्या दिवसांत. तोवर दहाच्या आत राहा."

शुक्रवारी अकरा जण आले. इंद्रिकिस धरून बारा.

इथे इंद्रिकिसने ती गोष्ट केली, जी दुसऱ्या कुठल्या शहरात केली असती तर काहीही झालं नसतं. कुणाला परत पाठवावं असा त्याचा स्वभाव नाही, आणि नियम मोडावा असाही नाही. तेव्हा हिरव्या घरापाशी पोहोचल्यावर, जमाव दिसू नये आणि पादचाऱ्यांना वाट राहावी म्हणून त्याने पाहुण्यांना भिंतीला लागून एकामागे एक उभं केलं. हातभर अंतर ठेवून. तोंडं दाराकडे. स्वतः सगळ्यांत पुढे, दाराशी, डोक्यावर सरकारी दिसणारी टोपी, हातात कागद.

साडेदहा वाजता चाकांची पिशवी ओढत एक बाई आली. सत्तरीची असावी. ती रांगेजवळून पुढे गेली, चार पावलांवर थबकली, मागे वळली आणि शेवटी उभ्या असलेल्या एका उंच डॅनिश गृहस्थाला विचारलं, "शेवटचं कोण? तुम्ही का?"

डॅनिश गृहस्थाला आमची भाषा येत नव्हती. पण सुसंस्कृत माणूस; त्याने हसून मान हलवली. बाई त्याच्यामागे उभी राहिली.

आता हे तरुणांना समजावून सांगता येत नाही. आमच्या पिढीला रांग दिसली, की पाय आधी उभे राहतात, डोकं नंतर विचारतं. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी आहे, आणि काहीतरी आहे म्हणजे ते संपणार आहे. टंचाई संपून दुकानं भरून गेली, त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली, पण पायांना हे कुणी सांगितलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे, अनोळखी माणसाशी बोलायला आम्हांला आयुष्यात एकच जागा होती, ती ही. ट्राममध्ये बोललं तर वेडं समजतात. रांगेत बोललं नाही तर गर्विष्ठ.

पावणेअकरापर्यंत चाकवालीमागे सात जण झाले. सव्वाअकराला रांग कोपऱ्यावरून वळली.

"काय देतायत?"

"सांगत नाहीयेत."

"मग चांगलंच असणार."

एक म्हातारा पुढे येऊन इंद्रिकिसला दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, मला सांग ना. काय येणार आहे?"

"काही नाही," इंद्रिकिस म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

म्हातारा परत जाऊन बायकोला म्हणाला, "काही नाही म्हणतो! टोपी बघितलीस? बंदरातला माणूस आहे. धुरी दिलेली ईल मासळी असणार."

रांगेच्या मध्यापर्यंत बातमी पोहोचेतो ईलची टोमॅटोची रोपं झाली होती, जुन्या जातीची, जी आता मिळत नाहीत. कोपऱ्यापलीकडे ती गुडघ्याचं मलम झाली होती.

साडेअकराला स्कायद्रीतेबाई बाजाराला निघाल्या आणि त्यांना रांगेचं शेपूट दिसलं. त्यांनी ना काय विचारलं, ना कशासाठी. पिशवीतून वही काढली आणि शेवटापासून माणसं मोजायला सुरुवात केली. इतकी वर्षं ती वही त्या पिशवीत कशासाठी बाळगत होत्या, देव जाणे. मोजत मोजत दाराशी आल्या तेव्हा टोपीखाली इंद्रिकिस दिसला.

"तुम्ही?"

"स्कायद्रीतेबाई, वाचवा," तो कुजबुजला. "इथे काही नाहीये. मी सांगतो सगळ्यांना, घरी जा म्हणून."

"गप्प बसा!" बाईंच्या गालांवर वीस वर्षांत नव्हता असा रंग चढला होता. "एकशे एकोणीस माणसं शिस्तीत उभी आहेत. आत्ता 'काही नाही' म्हणालात, तर चेंगराचेंगरी होईल. मी आयुष्यात कधी रांग मोडू दिलेली नाही."

"मग काय करू?"

"पुढची वेळ काय आहे तुमच्या कागदावर?"

"बारा दहाला सुटायचं."

"मग सुटा. तोवर मी पाहुणे सोडून पुढून नंबर देते."

बारा वाजून दहा मिनिटांनी इंद्रिकिसने पाऊल उचललं. मागून मोठा सुस्कारा उठला आणि कोपऱ्यापर्यंत पसरत गेला: "हलली! रांग हलली!" लोकांनी पिशव्या उचलल्या. रांग चालायला लागली. दार मागे पडलं तरी कुणाला काही वाटलं नाही. खिडकी बदलणं, दुसऱ्या इमारतीत जा म्हणणं, हे सगळं त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं. रांग हलतेय एवढं पुरे होतं.

फिरस्ते मंडळी तर हळू फिरायलाच आलेली. लायलाक दिसला की थांबत, मांजर दिसलं की वाकत. ती हळूहळू मागे पडली. इंद्रिकिसच्या थेट मागे आली चाकवाली. टोपीवाला निसटू नये म्हणून ती त्याच्या कोपराला लागून चालत होती आणि मागून येणाऱ्या बातम्या त्याला पुरवत होती. कारण रांग म्हटली की बातमी आली.

"मागे एक बाई आहे म्हणे, शंभराच्या पुढचा नंबर. तिने सगळ्यांना हसवून मारलंय. तिचा नवरा निवृत्त झालाय आणि अंडी उकडताना घड्याळ धरून उभा राहतो!"

इंद्रिकिसचं पाऊल चुकलं.

"सेकंदसुद्धा मोजतो. आणि संडासच्या दारावर, ऐका, संडासच्या दारावर तक्ता लावलाय! रविवारचा वेगळा!" चाकवालीने डोळे पुसले. "असल्या माणसाला काय करावं हो?"

"न्हाणीघराच्या," इंद्रिकिस पुटपुटला.

"काय?"

"काही नाही."

अख्खी रांग आपल्याला हसतेय आणि आपण तिच्या अग्रभागी दुसऱ्याची टोपी घालून चालतोय, हे त्याला मानेवर कळत होतं. झेल्मा रांगेत होती. बाजारातून परत येताना तिला शेपूट दिसलं असणार आणि पाय उभे राहिले असणार. पुढे कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि स्कायद्रीतेबाईंनी नंबर देताना सांगितलंही नव्हतं. रांगेत कोण आहे हे रांगेला सांगायचं नाही, हा काउंटरचा नियम.

"बॅग भरून ठेवलीय म्हणे तिने," दुसरी बातमी आली. "दारात."

"मग जाणार का ती?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

"थांबा, विचारते." चाकवालीने मागच्या माणसाला विचारलं, त्याने त्याच्या मागच्या बाईला. प्रश्न मागे मागे जात नाहीसा झाला. ते पुढच्या कोपऱ्यावरून वळले, शाळेच्या कुंपणाला लागून चालत राहिले. इंद्रिकिसने आयुष्यात पहिल्यांदा असं केलं, की एक वाजला आणि त्याने घड्याळात पाहिलं नाही.

उत्तर यायच्या आधी सायकलवरून पालिकेचा निरीक्षक आला. तरणाताठा, पिवळं जाकीट. "थांबा! कुणाची मिरवणूक ही? परवानगी?"

इंद्रिकिसने तोंड उघडलं. पण स्कायद्रीतेबाई वहीसकट मधे आल्या.

"मिरवणूक? डोळे तपासून घ्या तुमचे. ही रांग आहे."

"आजी, रांग चालत नाही."

"तुमच्या काळात चालत नसेल. आमच्या काळात फार हळू चालायची, पण चालायची."

निरीक्षकाने फोन काढून नियम वाचला. "समान हेतूने एकत्र चालणारा जमाव..." त्याने पहिल्या पाच-सहा जणांना हेतू विचारला. एक म्हणाली ईल. एक म्हणाला टोमॅटो. तिसरा म्हणाला, "गुडघा." चौथी म्हणाली, "मला काही नको, माझी मैत्रीण उभी आहे म्हणून मी."  निरीक्षकाला समान हेतू कुठेच सापडेना. शेवटी त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि खालच्या आवाजात स्कायद्रीतेबाईंना विचारलं, "रोपं खरंच जुन्या जातीची आहेत का? आईला हवी होती."

"शेवटी जा," बाई म्हणाल्या. "एकशे चौसष्ट."

नदी दिसायला लागली तेव्हा उत्तर आलं. शंभरेक अनोळखी तोंडांतून फिरून आलेलं, त्यामुळे झिजून अगदी साधं झालेलं.

"ती म्हणते, माहीत नाही," चाकवाली म्हणाली. आता ती हसत नव्हती. "म्हणते, चार दिवस झाले, नवरा दहाला जातो. घर इतकं शांत असतं, की घड्याळाची टिकटिक ऐकू येते. अकराला कॉफी करायला उठते आणि दोन कप काढते. मग एक परत ठेवते."

 इंद्रिकिसच्या डोळ्यांवर टोपी आली होती, ती त्याने तशीच राहू दिली.

काठावर पोहोचले तेव्हा बरोबर एक वीस झाले होते. पुढे पाणी, पलीकडे जुन्या गावाचे मनोरे, आणि रांगेला जायला जागाच नाही. इंद्रिकिस वळला. त्याच्यासमोर एकशे चौसष्ट माणसं होती, हातभर अंतरावर, रिकाम्या पिशव्या घेतलेली. त्याने टोपी काढली.

"मंडळी, इथे काहीच मिळणार नाही," तो म्हणाला. "मिळणार नव्हतंच. आम्ही नुसते फिरत होतो."

 मग चाकवालीने मान डोलावली, मागे वळली आणि आवाज दिला, "संपलं!" तिच्यामागच्याने पुढे दिलं, "संपलं." संपलं, संपलं, असं ते शेपटापर्यंत गेलं. कुणी चिडलं नाही. ज्याच्यासाठी उभे होतो ते संपणं, हा तर रांगेचा नेहमीचा शेवट. लोक गवतावर बसले, कुणी ब्रेड काढला, कुणी शहाजिऱ्याचं चीज. म्हाताऱ्याने विचारलं, "उद्या येणार का?" आणि स्कायद्रीतेबाईंनी इंद्रिकिसला तोंड उघडू न देता सांगितलं, "उद्या दहा वाजता. हेच नंबर चालतील."

झेल्मा गर्दीतून पुढे आली ती शेवटी. बरोबर तिची जुनी मैत्रीण होती, शिवणकारखान्यात शेजारच्या मशीनवर बसणारी, अठरा वर्षांनी आज रांगेत भेटलेली. झेल्माने नवऱ्याला पाहिलं. मग त्याच्या हातातल्या टोपीला.

"तू."

"मी."

"पुढे तूच होतास. सगळा वेळ."

"हो."

"मग ते सगळं..." तिचे कान लाल झाले. "तुला ऐकू आलं?"

"थोडं थोडं. न्हाणीघराचं त्यांनी संडास केलं."

झेल्माने मैत्रिणीचा दंड धरला. "अजून दोन वाजायचेत," ती म्हणाली, आणि दोघी ट्रामच्या थांब्याकडे निघून गेल्या.

इंद्रिकिस दोन वाजता घरी आला तेव्हा पॅसेजमध्ये पाय कशालाच अडखळला नाही. बॅग नव्हती. झेल्मा नव्हती. त्याने कपाटावर बघितलं, कपाटात बघितलं, उगाच स्टोव्हच्या मागेही बघितलं. शेवटी बॅग सापडली ती पलंगावर, उघडी. सगळे कपडे उपसलेले, जणू तळाचं काहीतरी शोधायचं होतं. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. चार वाजता झेल्मा मैत्रिणीकडून आली, गुणगुणत.  जेवताना तिने मीठ मागितलं, त्याने दिलं. एवढंच.

शनिवारी तो दाढी करत असतानाच बाहेरचं दार वाजलं. बघतो तर झेल्मा गेलेली. साडेनऊ झाले होते. दहाला घर सोडायचं हा करार होता. घरात कुणी नसलं तरी करार तो करार. त्याने टोपी जिन्यातच तेओदोर्सच्या दाराच्या मुठीला अडकवली आणि हिरव्या घरापाशी आला.

रांग कोपऱ्यापलीकडे गेली होती. दाराशी चाकवाली उभी होती, नंबर एक. बाकीचे मागे, ग्रासिएलासुद्धा आपला भोपळा घेऊन. स्कायद्रीतेबाईंनी घरी बसून वेळापत्रकाची सुबक नक्कल केली होती, ती भिंतीला डकवलेली होती. इंद्रिकिस सवयीने पुढे जाऊन दाराशी उभा राहिला.

"ओ, ओ! कुठे?" म्हातारा ओरडला.

"इंद्रिकिसराव, तुमचा नंबर?" स्कायद्रीतेबाईंनी वही उघडली. "यादीत नाव नाही तुमचं."

"माझं नाव? अहो, ही रांग मी काढली!"

"असं सकाळपासून तीन जण म्हणाले. शेवटी जा. दोनशे सहा."

मोज्यांच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. तो भिंतीच्या कडेने मागे निघाला. चाळीस, साठ, ऐंशी. अनोळखी लोक त्याच्याकडे बघत होते, रांगेबाहेरच्या माणसाकडे बघतात तसे. शंभराच्या पुढे त्याला झेल्मा दिसली. अंगात फुलाफुलांचा झगा, पायांत कापडी बूट, पंधरा वर्षांपूर्वीचे, बॅगेच्या तळाशी असायचे ते. हातात थर्मास.

तो तिच्याजवळून पुढे जायला लागला. झेल्माने थर्मासाचं झाकण काढलं, त्यात कॉफी ओतली, आणि समोर बघतच झाकण त्याच्यापुढे धरलं.

"उभा राहा इथे," ती म्हणाली. "दार बघायचंय मला."

तो तिच्याशेजारी उभा राहिला. लगेच मागून आवाज आला. "अहो बाई! एका नंबरावर एकच! आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत? हा कुठून घुसला?"

झेल्मा सावकाश वळली. "घुसला नाही. हा माझ्याबरोबर आहे," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षांपासून इथेच उभा आहे. मधे जरा बाजूला गेला होता."

मागच्या माणसाने इंद्रिकिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि अर्धं पाऊल मागे सरकून जागा करून दिली.